नकलेची नक्कल

“मूळ कागदाला कात्री लावायची नाही, पोरी. आधी नक्कल काढ. चुकायचं ते नकलेवर चूक.”

कपडे बेतायला शिकवणाऱ्या बाईंचा हा आवाज वन्संच्या कानाशी चाळीस वर्षं मुक्काम ठोकून होता. बाई गेल्या, त्यांचं लांबट टेबल गेलं, खडूची पेटी गेली. आवाज मात्र जागचा हलला नाही. कागदावर काम होतं तेव्हा वन्सं मूळ नमुन्यावर पातळ कागद पसरून नक्कल काढायच्या. पुढे काम लॅपटॉपवर आलं. कागद सुटला, पण हाताची सवय थोडीच सुटते? रोज सकाळी लॅपटॉप उघडला की आधी सगळ्या फोल्डरची नक्कल, मग तिच्यावर काम. दुसऱ्या दिवशी त्या नकलेची नक्कल. फोल्डरची नावंही तशीच: नमुना, नमुना-नक्कल, नमुना-नकलेची-नक्कल. पुढे तर त्यांनी नुसते आकडे घालायला सुरुवात केली.

त्या खरं तर एकाच बाईच्या वन्सं. धाकट्या भावाची बायको, जिला सगळे धाकटीच म्हणत, ती नवऱ्याच्या बहिणीला वन्सं म्हणायची. तिचं ऐकून शिलाईघरातल्या सहाही जणी म्हणू लागल्या, कटिंग मास्तर म्हणू लागले, दोरा विकायला येणारासुद्धा म्हणू लागला. भाऊ एकच, तोही दहा महिने बोटीवर. पण वन्सं झाल्या होत्या अख्ख्या गल्लीच्या नणंद.

खालच्या मजल्यावर शिलाईघर. सहा यंत्रं, एक कापायचं टेबल, खिडकीपाशी वन्संचा कोपरा. त्या पॅटर्न आखायच्या, म्हणजे कपड्याचा कुठला तुकडा कसा कापायचा त्याची रेघ न् रेघ. छपाईयंत्रातून मोठे कागद निघायचे, मास्तर ते कापडावर पसरून कापायचे, पोरी शिवायच्या आणि धाकटी बाकी सगळं सांभाळायची. गिऱ्हाईक, वेळा, भांडणं, चहा.

आणि गेले तीन महिने वन्संच्या रेघा वाकत होत्या.

पँटच्या बाजूची शिवण कमरेपासून घोट्यापर्यंत सरळ उतरायला हवी. पडद्यावर ती मध्येच पोट आत घ्यायची, जणू कुणी बोट लावून ढकलली आहे. वन्सं त्या जागी एक ठिपका टाकायच्या, ठिपका दाणाभर मागे ओढायच्या, की रेघ सरळ. मग नजर जरा खाली न्यावी, तर वाक खाली सरकलेला. तो काढावा, तर अजून खाली. जिथे बघावं तिथे वाक. पुढे पुढे पळायचा आणि वळून वाकुल्या दाखवायचा. असल्या कामात हात कापरा होतो, म्हणून प्रत्येक ठिपक्याआधी त्या एक नक्कल काढू लागल्या. दिवसाला एक व्हायची, तिथे तीस होऊ लागल्या.

लॅपटॉप धापा टाकू लागला. उघडायला अर्धा तास, फाइल जतन करायला एक चहा. पंखा असा घोंघावायचा की शेजारच्या यंत्रावरची पोर म्हणायची, “वन्सं, तुमचं विमान उडालं का?”

“पडदा गेलाय त्याचा,” वन्सं म्हणायच्या. “म्हातारा झालाय. नवा घ्यायला हवा.”

म्हणता म्हणता त्यांना ते खरंच वाटू लागलं होतं. नऊ वर्षांचा लॅपटॉप. माणसाचे डोळे जातात, मग पडद्याचे का जाणार नाहीत? एवढा विचार करून त्या थांबायच्या. पुढचा विचार दारात उभा असायचा आणि त्या दार लोटून घ्यायच्या.

दवाखान्यातल्या परिचारिकांच्या गणवेशाचं काम आलं तेव्हा मात्र लोटून भागेना. नऊ मापं, प्रत्येकाची पँट आणि अंगरखा. पहिला नमुना शिवून झाला आणि धाकटीने तो पुतळ्यावर चढवला. डाव्या पायाची शिवण गुडघ्यापाशी चक्क पुढे वळून बघत होती.

“शनिवारी त्यांना नमुना दाखवायचाय,” धाकटी म्हणाली. “हे घालून परिचारिका एकीकडे निघेल आणि पँट दुसरीकडे.”

“लॅपटॉप अडकतो गं मधेच,” वन्सं म्हणाल्या. “रेघ ओढावी एक, उमटते एक.”

“मग चला, उद्याच नवा घेऊ. पण वन्सं, आता सांगून ठेवते. नवा घेऊनही नाही जमलं ना, तर पॅटर्न मी बाहेरून करून घेईन. आहेत तसली माणसं, दोन दिवसांत नऊ मापं देतात. तुम्हीही सुटाल. बसा आरामात, बटणं लावा.”

तिने ते प्रेमाने म्हटलं, हीच पंचाईत. रागाने म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. बटणं लावा. या घरात त्यांचं जे काही होतं ते त्या रेघेवर उभं होतं. भावाचं घर, भावजयीचा धंदा, आणि मधोमध त्यांची एक रेघ. ती गेली की मग नुसतं राहायचं. खायचं, प्यायचं, लेकरांना “अभ्यास करा” म्हणायचं आणि कुणी बसायला सांगेल तिथे बसायचं.

मंगळवारी दोघी दुकानात गेल्या.

दुकान म्हणजे एक लांबलचक पांढरी खोली. दोन्ही बाजूंना लॅपटॉप उघडे ठेवलेले, जबडे वासून बसल्यासारखे. विक्रेता गळ्यात ओळखपत्र अडकवून पुढे आला.

“प्रोसेसर कितव्या पिढीचा हवा?”

धाकटी म्हणाली, “घरात दोन पिढ्या आहेत, त्यांनीच नाकी नऊ आणलेत. चालणारा दाखवा.”

“रॅम आठ की सोळा?”

“कमी-जास्त केल्याने काय होतं?”

“रॅम म्हणजे बघा, तुमचं काम करायचं टेबल. मोठं टेबल, जास्त पसारा मावतो. आणि एसएसडी म्हणजे कपाट. जुन्या डिस्कमध्ये वस्तू शोधायला चक्र फिरतं, यात फिरणारं काहीच नाही, हात घातला की वस्तू हातात.”

टेबल आणि कपाट वन्संना कळलं. पण मग तो चकाकणारा पडदा आणि चकाकी नसलेला पडदा म्हणाला, तेरा इंच आणि पंधरा इंच म्हणाला, वजन म्हणाला, बॅटरीचे तास म्हणाला. खाली ठेवायचा पंख्याचा पाट दाखवला, मान दुखू नये म्हणून स्टँड दाखवला, तीन जातींचे माऊस दाखवले, त्यातला एक उभा, हस्तांदोलनाला पुढे केलेल्या हातासारखा. धाकटीने तो हातात धरून पाहिला.

“हा जास्तच सलगी करतोय,” म्हणाली आणि परत ठेवला.

वन्संना यातलं काहीच बघायचं नव्हतं. त्यांना एकच गोष्ट बघायची होती. विक्रेत्याची पाठ वळली की त्या पुढच्या लॅपटॉपवर चित्र काढायचं पान उघडायच्या आणि वरून खाली एक रेघ ओढायच्या. पहिल्यावर वाकली. दुसऱ्यावर वाकली. तिसरा दुकानातला सगळ्यात भारी, पडदा म्हणजे भरलेलं तळं. त्यात रेघ वेलीसारखी डुलली.

“काय बघता मावशी?” विक्रेत्याने विचारलं.

“रेघ.”

“रेघ?”

“सगळ्यांचीच वाकडी येते का हो तुमच्याकडे?”

विक्रेत्याने पडद्यावर बघितलं, मग वन्संकडे, मग पुन्हा पडद्यावर. बारा वर्षांत त्याला बॅटरी, वॉरंटी, रंग, सगळं विचारून झालं होतं. रेघ कुणी विचारली नव्हती. “यात कॅलिब्रेशनची, म्हणजे पडदा अचूक जुळवायची सोय आहे,” तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते पटलेलं दिसलं नाही.

वन्संनी खाली बघितलं. फरशीचे सांधे दुकानभर सरळ पळत होते, आणि जिथे त्यांची नजर टेकत होती तिथे हलकेच वळसा घेत होते. फरशीला कुठलं आलंय कॅलिब्रेशन. त्यांच्या पिशवीत बाईंनी दिलेली एक फुटाची लाकडी पट्टी होती. ती कायम असायची. ती काढून पडद्याला लावली असती तर एका क्षणात सोक्षमोक्ष लागला असता. वन्संचा हात पिशवीत गेला, पट्टीच्या थंड कडेला लागला, आणि रुमाल घेऊन बाहेर आला.

“डोकं गरगरलं बाई,” त्या म्हणाल्या.

“गरगरणारच. जुना आणलात का बरोबर?” मागून कुणीतरी विचारलं.

दुकानाच्या टोकाला काचेआड दुरुस्तीची जागा होती. विचारणारी तिथलीच बाई, पन्नाशीची, अंबाड्यात बारका स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला. धाकटीने पिशवीतून लॅपटॉप काढून दिला. त्याच्याबरोबर एक चौघडी पण निघाली, मऊ, चार पदरी शिवलेली.

“ही काय?”

“त्याच्याखाली घालते,” वन्सं म्हणाल्या. “टेबल खरबरीत आहे. ओरखडे पडतात त्याला.”

“अहो, तो खालूनच श्वास घेतो,” दुरुस्तीवाली म्हणाली. “तुम्ही मायेने त्याचं नाकतोंड दाबून ठेवलंत.”

धाकटी हसली. “आमच्याकडे माया अशीच असते.”

दुरुस्तीवालीने खालची पाठ उघडली आणि चिमट्याने पंख्याजवळून काहीतरी ओढू लागली. दोऱ्यांचा बारीक पिंजलेला गुंता. वरचा थर पांढरा, परिचारिकांचा. त्याच्याखाली खाकी, तो मागच्या वर्षीच्या पोस्टमनांचा. मग शाळेचा हिरवा, मग बँडवाल्यांचा लाल. नऊ वर्षांचं शिवणकाम एवढ्याशा पोटात थरावर थर निजलेलं होतं.

“नवा कशाला घेता?” दुरुस्तीवाली म्हणाली. “हा साफ करते, डिस्क बदलून एसएसडी घालते, रॅम दुप्पट करते. पळेल. आता आत काय भरलंय ते बघू.”

तिने फोल्डरची यादी उघडली, खाली गेली, अजून खाली गेली. मग हात थांबवून वन्संकडे वळली.

“तीनशे बारा, नुसत्या या परिचारिकांच्या पँटच्या. सगळं तेच ते. कपाटात इंचभर जागा नाही. बिचारा उभा राहायलाच जागा शोधत होता, धावणार कुठून? एवढ्या नकला का काढल्यात?”

“मूळ खराब होऊ नये म्हणून.”

“बरोबर आहे. मूळ कुठलं यातलं?”

वन्संनी पडद्याकडे बघितलं. आकडेच आकडे, मुंग्यांची रांग. एकशे चार की चौदा? आधी आखलेलं की नंतर सरळ केलेलं? ज्याच्यासाठी एवढा जीव पाखडला, त्याचा चेहराच आठवेना. गर्दीत हात सुटलेल्या लेकरासारखं मूळ कुठेतरी आत हरवलं होतं.

“नाही ओळखू येत,” त्या म्हणाल्या.

“तारखेने लावू. सगळ्यात जुनी ती मूळ.” दुरुस्तीवालीने यादी फिरवली, पहिली फाइल उघडली. पँटचा पॅटर्न पडद्यावर पसरला. “ही बघा तुमची. काय सुरेख रेघ आहे हो. दोरी ताणून धरल्यासारखी.”

“खरंच की,” धाकटी पुढे वाकून म्हणाली. “मग ही अशी असताना नमुना वाकडा कसा आला? लॅपटॉपचाच गोंधळ दिसतोय, वन्सं.”

दोघी वन्संकडे बघत होत्या. समोर ती दोरी ताणून धरलेली रेघ होती आणि मधोमध तिने पोट आत घेतलं होतं.

“सरळ आहे ना?” धाकटीने विचारलं.

“हो,” वन्सं म्हणाल्या. “सरळ आहे.”

बुधवारी संध्याकाळी लॅपटॉप घरी आला. जुन्या नकला दुरुस्तीवालीने एका वेगळ्या छोट्या डिस्कवर नेऊन ठेवल्या होत्या, आणि आत एकच फोल्डर होतं. खाली पंख्याचा पाट, शेजारी नवा माऊस, साधाच, सलगी न करणारा. बटण दाबलं आणि वन्संचं बोट बटणावरून उठायच्या आत लॅपटॉप उघडला. फाइल डोळ्यांचं पातं लवायच्या आत जतन झाली. पंख्याचा आवाज नाही. चहा पिण्यापुरतीही उसंत देईना.

वन्संना रडूच यायचं बाकी होतं. इतके दिवस आपण सावकाश आहोत की तो, हे कळत नव्हतं. दोघांचं एकमेकांच्या आड निभत होतं. आता तो पुढे निघून गेला आणि त्या रस्त्यात एकट्या उभ्या राहिल्या.

त्यांनी ठरवलं होतं, मूळ जसं आहे तसं छापायचं. ठिपका टाकायचा नाही. सरळ आहे म्हणून दोघींनी सांगितलंय. त्यांनी छपाईच्या खुणेवर बाण नेला आणि रेघेकडे शेवटचं बघितलं. वाक तिथेच होता, ढळढळीत. दुकानातली बाई यंत्रांची डॉक्टर. तिला शिवणीतलं काय कळतं? धाकटीने तर उभ्या उभ्या बघितलं. चाळीस वर्षं ज्या डोळ्यांनी पोटाला भाकरी दिली त्यांचं ऐकायचं नाही, तर कुणाचं? आणि डोळ्यांचंच चुकत असेल तर? मग वाक दिसतो म्हणूनच तो नाही. पण खरंच असला तर?

त्यांनी नक्कल काढली. एक ठिपका टाकला. दाणाभर मागे ओढला.

गुरुवारी दुपारी नमुना पुतळ्यावर चढला. धाकटी दोन पावलं मागे सरकली. यंत्रं एकेक करून थांबली. गुडघ्यापाशी शिवण पुढे वळून बघत होती, पहिल्या नमुन्यात बघत होती तशीच.

“आता लॅपटॉपला तर काही बोलता येत नाही,” धाकटी हळू आवाजात म्हणाली. “नवा कोरा करून आणलाय. आणि रेघ मी माझ्या डोळ्यांनी बघितली, सरळ होती. मग राहिलं काय? मास्तर?”

कटिंग मास्तर टेबलापाशी उभे होते. वीस वर्षं ते वन्संच्या कागदावरून कापत आले होते. हातात तोच छापील कागद होता, बाजूची कड त्यांच्याकडे वळलेली.

“कागदाप्रमाणे कापलंय,” ते म्हणाले.

“म्हणजे दोष कागदाचा? वन्संचा?”

मास्तरांनी कागदाकडे बघितलं. मग वन्संकडे. फार वेळ नाही, सुईत दोरा ओवायला लागतो तेवढाच वेळ. मग त्यांनी कागदाची गुंडाळी केली आणि काखेत घेतली.

“माझाच हात हलला असेल,” ते म्हणाले. “वय झालं आता.”

“मास्तर, शनिवार तोंडावर आलाय,” धाकटी म्हणाली. “हात हलत असेल तर तसं सांगायचं ना. मी दुसरं कुणी बघितलं असतं. तुम्ही उद्या सुट्टी घ्या. मग बघू पुढचं.”

मास्तरांनी मान हलवली आणि कात्री फडक्यात गुंडाळायला घेतली. ती ते रोज संध्याकाळी गुंडाळायचे. आता दुपारचे तीन वाजले होते.

वन्सं आपल्या कोपऱ्यात बसल्या होत्या. त्यांनी पिशवीतून बाईंची पट्टी काढली आणि पडद्यावरच्या रेघेला उभी लावली. रेघ वाकली होती. तिच्याशेजारी लाकडी पट्टीही वाकली होती, त्याच जागी, त्याच वळणाने. चांगली टणक शिसवी पट्टी, चाळीस वर्षांत जिला ओल लागली नाही, ती डोळ्यांदेखत वेतासारखी वळलेली दिसत होती.

त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा पट्टीच्या कडेवरून वरून खाली नेला. कड सरळ होती. अंगठा कुठे थांबला नाही, कुठे वळला नाही. डोळे उघडले, वाकडी. मिटले, सरळ. डावा डोळा लहानपणापासूनच अधू, सगळा भार उजव्यावर. आणि उजव्याने त्यांना तीन महिने फसवलं होतं. की त्यांनीच त्याला फसवू दिलं होतं? आता दार लोटायला हात मोकळा उरला नव्हता. त्यात पट्टी होती.

मास्तरांनी फडक्याला गाठ मारली. सहा पोरी माना खाली घालून बसल्या होत्या. वन्सं पट्टी हातात धरूनच उठल्या आणि कापायच्या टेबलापाशी आल्या.

“मास्तर, कात्री सोडा ती,” त्या म्हणाल्या.

“वन्सं, तुम्ही मधे नका पडू,” धाकटी म्हणाली. “तुम्हाला आधीच गरगरतंय.”

“गरगरत नाही मला. परवा दुकानातही गरगरलं नव्हतं.” वन्संनी पट्टी टेबलावर धाकटीसमोर ठेवली. “ही कशी दिसते तुला?”

“कशी म्हणजे? पट्टीसारखी पट्टी. सरळ.”

“हो ना.” त्यांनी टेबलाची कड धरली. “मला वाकडी दिसते. रेघ, पट्टी, दाराची चौकट, फरशी, सगळं मधोमध वाकडं दिसतं. तुझं नाक पण, आत्ता. तीन महिने झाले, धाकटे. मास्तरांनी बरोबर कापलं. सरळ रेघ मीच वाकडी करत होते, आणि तू मला बटणं लावायला बसवशील म्हणून कुणाला सांगत नव्हते.”